एका जनावराची दोन नावं

त्या वर्षी आमच्या घरात भात न शिजताच भाताचा वास यायचा. साधासुधा नव्हे, आंबेमोहराचा. शाळेतून येऊन मी फाटकाची कडी काढली की तो नाकात शिरायचा आणि मी दप्तरासकट स्वयंपाकघरात धावायची, कारण आंबेमोहर घरात फक्त आई करायची. अप्पांना तांदूळ आणि कणी यांतला फरकसुद्धा कळत नसे. आत गॅस थंड असायचा. पातेल्यात सकाळचा अप्पांच्या हातचा भात, चमचा उभा राहील असा. पहिल्या दिवशी मी झाकण उघडून पाहिलं, दुसऱ्या दिवशीही पाहिलं. तिसऱ्या दिवशी माझं मलाच हसू आलं, आणि चौथ्या दिवशी तरीही मी धावले. बारा वर्षांच्या मुलीला शहाणपण यायला चार दिवस पुरत नाहीत. आई मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. ती आजही उठली नाही, हे मला रोज नव्याने कळायचं.

माझा भाऊ दसऱ्याच्या आगेमागे जन्मला आणि दहा दिवसांनी गेला. जन्मतःच अशक्त होता, दवाखान्यातून घरी आलाच नाही. आई मात्र आली. शेजारच्या निलव्वाने जुन्या लुगड्याची रुंद पट्टी फाडून आईची छाती घट्ट बांधली, दूध आटावं म्हणून. ती पट्टी पुढे कित्येक दिवस धुऊन दोरीवर वाळत घातलेली असायची आणि ती कशाची हे मला कोणी सांगितलं नव्हतं. निलव्वा आपल्या सुनेशी कुंपणापलीकडे बोलत होती, त्यात ते मला कळलं, कानडीत. घरातल्या पुष्कळ गोष्टी मला त्या काळात अशाच कळल्या. आम्ही मराठी माणसं, पण किराणा, बस, शेजार, भांडण हे सगळं कानडीत चालायचं. स्वयंपाकघर, देवघर आणि रागावणं तेवढं मराठीत. भीतीही मराठीतच वाटायची.

आमचं घर रायापूरला हुबळी रस्त्यापासून जरा आत होतं. भाड्याचं, मंगलोरी कौलांचं, आणि कौलांखाली फळ्यांचा माळा. मागे घरमालकांनी लावलेली चिक्कूची आणि पेरूची झाडं, एक पपई, धुणं धुवायचा दगड. दिवसभर रस्त्यावरून ट्रक जायचे आणि खिडकीची तावदानं थरथरायची. बसचा कंडक्टर ‘हुबळी, हुबळी’ असं ओरडायचा ते घरात बसून ऐकू यायचं. आई बोलत होती तोवर हे आवाज मला कधी ऐकूच आले नव्हते. अप्पा जमीन मोजणी खात्यात होते. त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट फुटांत आणि इंचांत दिसायची. ‘दुकान किती लांब आहे’ असं कोणी विचारलं तर ‘आठशे फूट’ म्हणायचे. लोक हसायचे, आईही हसायची, आणि अप्पांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही. भाऊ गेल्यावर ते घरात माझ्याशी दोनच वाक्यं बोलायचे. सकाळी ‘डबा घेतलास?’ आणि संध्याकाळी ‘अभ्यास झाला?’ मी दोन्हीला हो म्हणायची. दोन्ही वेळा ते पुष्कळदा खोटं असायचं. रात्रीचं जेवण निम्म्या वेळा निलव्वाकडून यायचं, ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी भरल्या वांग्याची एण्णेगाई. अप्पा आणि मी समोरासमोर बसून ते खायचो आणि भाकरी मोडल्याचा आवाज व्हायचा.

वास माळ्यावरून येतो हे पाचव्या-सहाव्या दिवशी माझ्या लक्षात आलं. वर काहीतरी कूस बदलायचं. उंदीर नव्हे, उंदराला वजन नसतं. मग सकाळी धुण्याच्या दगडावर बियांचा एक गोळा दिसायला लागला, चिक्कूच्या काळ्या बिया आणि पेरूच्या पिवळ्या, अगदी धुऊन ठेवल्यासारख्या. ती विष्ठा आहे हे कळायला मला वेळ लागला आणि कळल्यावर किळस आली नाही, उलट कुतूहल वाटलं. मी ती रोज नारळाच्या करवंटीने उचलून टाकायची आणि दगडावर पाणी ओतायची. कोणाला सांगितलं नाही. सांगायला होतं कोण?

मग एका तिन्हीसांजेला मी मागच्या पायरीवर बसले असताना ते कौलांवरून उतरलं. मांजरापेक्षा लांब, राखाडी-काळं, शेपूट अंगाएवढी, आणि डोळ्यांभोवती काळा पट्टा, चोराने फडकं बांधावं तसा. पपईच्या खोडाला धरून ते सरसर खाली आलं, कुंपणाच्या भिंतीवर थांबलं आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. घाई नाही, भीती नाही. मी या घरात राहते हे त्याला माहीत होतं आणि त्याची त्याला हरकत नव्हती, असं ते पाहणं होतं. आज सांगताना हसू येईल, पण गेल्या पंधरा दिवसांत माझ्याकडे इतका वेळ कोणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी डब्यातलं केळं न खाता परत आणायला लागले आणि भिंतीवर ठेवायला लागले. दुपारी आई पडलेली असायची तेव्हा मी माळ्याच्या शिडीखाली बसून वर बघत बोलायची. शाळेत कोण काय म्हणालं, भूगोलाच्या बाईंनी कोणाला उभं केलं, आज आईने चहा अर्धाच प्यायला. वरून उत्तर यायचं नाही, पण कोणीतरी कूस बदलायचं आणि वास दाटून यायचा. एकदा बारीक चिवचिव ऐकू आली आणि मला कळलं की वर एकटं जनावर नाही, पिल्लं आहेत. तोवर मी त्याला मनात ‘ते’ म्हणत होते. त्या दिवसापासून ‘ती’ म्हणायला लागले.

असं महिनाभर चाललं असेल. मग अळणावरहून आत्या आली. अप्पांची थोरली बहीण, घरात बाई माणूस हवं म्हणून स्वतःहून आलेली. आत्या मनाने वाईट नव्हती. आल्या दिवशी तिने सगळं घर धुऊन काढलं, माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या, आमटीला चव आणली. पण तिच्या तोंडाला कडीकोयंडा नव्हता. दुसऱ्या सकाळी मी उठायच्या आत ती धुण्याच्या दगडापाशी गेली आणि तिथूनच ओरडली, “अरे दत्तू! मसण्याऊद राहायलंय रे तुझ्या घरात! आमच्याकडे जंगलाच्या कडेला असतंय हे. मसणात हिंडतंय मेलं, पुरलेली पोरं उकरून...”

पुढचं तिने गिळलं, पण फार उशीर झाला होता. मधल्या खोलीचं दार उघडलं होतं आणि दारात आई उभी होती. दीड-दोन महिन्यांत मी तिला आपणहून उभी राहिलेली पहिल्यांदा पाहत होते. केस सुटलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. तिने आत्याकडे पाहिलं नाही. अप्पांना विचारलं, “अहो, खड्डा खोल होता ना?”

“खोल होता,” अप्पा म्हणाले.

मी अप्पांकडे पाहिलं. दुकान आठशे फूट सांगणारा माणूस, पपईचं झाड दरवर्षी किती इंच वाढलं ते सांगणारा माणूस. त्यांनी आकडा सांगितला नव्हता. आईच्याही ते लक्षात आलं असणार, पंधरा वर्षांचा संसार होता. ती आत गेली, पण त्या दिवसानंतर ती भिंतीकडे तोंड करून पडली नाही. छताकडे बघत पडायची. वर जरासं काही हललं की तिच्या पांघरुणावरच्या हातांच्या मुठी वळायच्या. जेवण सुटलं. आणि रोज एकदा, अप्पा कचेरीतून आले की, तोच प्रश्न. “खोल होता ना हो?” अप्पा मान हलवायचे आणि हातपाय धुवायला जायचे आणि मोरीत किती तरी वेळ पाणी ओतत राहायचे.

रविवारी धुरी द्यायची असं ठरलं. आत्याने तजवीज सांगितली. शेणी पेटवायच्या, त्यावर सुक्या मिरच्या टाकायच्या, घमेलं माळ्याच्या तोंडाशी ठेवायचं, आणि बाहेर कौलांखाली दांडकं घेऊन उभं राहायचं. मी सगळं ऐकत होते. मी केळी घालत होते म्हणून ती राहिली, पिल्लं आहेत हे मला ठाऊक आहे, हे सांगायची माझी छाती झाली नाही. आई पुन्हा आजारी पडायला मीच कारण झाले, असं मला वाटत होतं आणि ते मी कोणापाशी बोलूही शकत नव्हते. आता पन्नाशीला टेकले आहे, माझ्या मुली मला भांडखोर म्हणतात. त्या आठवड्यात एक शब्द बोलले नाही त्याची ही भरपाई असावी.

शनिवारी निलव्वाला बातमी लागली. ती कमरेला पदर खोचून कुंपणाशी आली. “साहेबर, होडीब्याड्री,” मारू नका, “अद पुनगिन बेक्क ऐतरी!” म्हणजे पुनुगाचं मांजर आहे हे. आणि मग आपल्या तोडक्या मराठीत तिने सांगितलं की याच्या अंगातून पुनुगू नावाचा सुगंधी अर्क निघतो, तो देवाच्या अंगाला लावतात, तिच्या माहेरच्या देवळात लावायचे, त्याचाच हा वास, हे घरात राहिलं तर देवाने पाय ठेवल्यासारखं. “फळ खातंय हो ते. मरी अदावरी वर. पिल्लं आहेत.”

“निलव्वा, तुमच्या भाषेत काहीही म्हणा,” अप्पा म्हणाले, “जनावर तेच.”

मी तिथेच उभी होते. जनावर तेच, हे खरंच होतं की. पण मग तेच असेल तर त्याला आपण मराठीतलंच नाव का द्यायचं? कानडीत ते देवळात जातं आणि मराठीत मसणात. इतकी वर्षं दोन्ही भाषा सारख्याच बोलत असताना, घाबरायच्या वेळी आम्ही बरोबर एकच निवडली होती.

रविवारी सकाळी अप्पा आणि आत्या मागे शेणी रचत होते. मी मधल्या खोलीत गेले आणि आईच्या पलंगाशी उभी राहिले. “आई, ते उकरत नाही,” मी म्हणाले. “ते फळं खातं. त्याच्या शीमध्ये फक्त बिया असतात. एकदा किड्याचे पंख होते, बाकी बियाच.”

“तुला कसं ठाऊक?”

“मी रोज साफ करते.”

आई उठून बसली. “रोज?”

“ते आलं तेव्हापासून. केळंही देते. आई, वर पिल्लं आहेत.”

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “सुमे, मला तिथं जायचंय. ती जागा बघायचीय. बघितल्याशिवाय मला नाही राहवणार.”

बायका जात नाहीत तिथे. त्या दिवशीही आईला कोणी नेलं नव्हतं, ती नेण्याच्या अवस्थेतही नव्हती. पण मला जागा माहीत होती. दवाखान्यातून अप्पा आणि त्यांच्या कचेरीतले एक गृहस्थ रिक्षाने निघाले तेव्हा मला कुठे ठेवायचं ते कोणाला सुचलं नाही, म्हणून मीही रिक्षात होते. ओढ्याच्या अलीकडे मला बसवून ते दोघं खाली उतरले होते, आणि मी रिक्षाच्या पडद्यातून पाहिलं होतं. मी आईच्या चपला पलंगाखालून काढल्या. पुढच्या दाराने आम्ही बाहेर पडलो. मागे शेणींचा धूर नुकता धरायला लागला होता.

आई दोन महिन्यांत पहिल्यांदा उन्हात आली होती. हुबळी रस्त्याच्या कडेने ती हळूहळू चालत होती, ट्रक गेला की थांबायची, डोळ्यांवर हात धरायची. मी तिचा हात धरला नाही; धरला तर ती परत वळेल असं वाटत होतं. ओढा फार लांब नव्हता. अप्पांनी आकडा सांगितला असता, मला सांगता येत नाही. उतारावर आम्ही चपला काढल्या. करंजाच्या झाडाखाली दगडांची एक लहानशी रास होती आणि तिच्यावर बाभळीच्या काटेरी फांद्या रचलेल्या होत्या, जनावर येऊ नये म्हणून रचतात तशा. दगड न दगड जागच्या जागी. कुठे माती उकरलेली नाही, कुठे नखाचा ओरखडा नाही. कडेने गवताची बारीक पाती फुटली होती.

आई खाली बसली. तिने बोटाने राशीच्या कडेची जमीन टोकरली. दोन बोटांखाली खडक लागला. तिने बाजूला सरकून पुन्हा टोकरलं, तिथेही खडक. “सगळा खडकच आहे गं,” ती म्हणाली. “त्यांना खणताच आलं नसणार.” मग तिने एक फांदी हातात घेतली आणि ती बराच वेळ बघत राहिली. मला कळेना ती काय बघतेय. “ही ओली आहे,” ती म्हणाली.

मी पाहिलं. खालच्या फांद्या वाळून तांबूस झालेल्या होत्या, त्यांच्यावरच्या अर्धवट वाळलेल्या, आणि सगळ्यांत वरच्या तीन-चार हिरव्या, कापलेल्या टोकाशी अजून चिकट. कोणीतरी थरावर थर चढवत होतं. काल चढवला होता, परवा चढवला होता. कचेरीतून यायला अप्पांना अलीकडे उशीर का होत होता आणि मोरीत ते हातांवर इतकं पाणी का ओतत होते, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. त्यांच्या बोटांवरचे ओरखडे मी जेवताना रोज बघत होते. फायलींच्या पिना लागत असतील, असं मी समजत होते.

आई रडली नाही. तिने ती फांदी पुन्हा नीट ठेवली आणि एकदम उठली. “चल. ते धुरी देतील,” म्हणाली, आणि जाताना जी पावलापावलाला थांबत होती ती येताना इतकी भराभर चालली की मला पळावं लागलं.

आम्ही पोचलो तेव्हा घर मिरचीच्या धुराने भरलं होतं. आत्या तोंडाला पदर लावून खोकत होती. निलव्वा कुंपणापलीकडून सगळ्यांना कानडीत शिव्या घालत होती. अप्पा शिडीवर घमेलं धरून उभे होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते सगळं मिरचीचं नव्हतं हे आता आम्हा दोघींना माहीत होतं. “खाली उतरा,” आई म्हणाली. “मी जाऊन आले तिकडे. काही झालेलं नाही. सगळं जागच्या जागी आहे. उतरा खाली.”

अप्पा उतरले. घमेलं त्यांच्या हातातून आत्याने घेतलं आणि बादलीत बुडवलं. “तीन फूट खणायचं होतं मला,” अप्पा म्हणाले. “सव्वा फुटावर खडक लागला. पहार आणली, तरी फुटेना.” एवढं बोलून ते पायरीवर बसले. इतका लहान आकडा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

ती मात्र गेली होती. धूर पोचताच कौलं सरकवून ती भिंतीवरून चिक्कूच्या पलीकडे पळाली, असं निलव्वाने सांगितलं, तोंडात काही नव्हतं. म्हणजे पिल्लं वरच होती. अप्पांनी कंदील घेऊन माळ्यावर पाहिलं, दोन होती, डोळे उघडलेली, एकमेकांना चिकटून. हात लावायचा नाही, असं निलव्वाने बजावलं. माणसाचा वास लागला तर आई घेत नाही. म्हणून सरकलेली कौलं तशीच ठेवली, सगळी खिडक्या-दारं उघडून धूर घालवला, आणि आम्ही वाट बघत बसलो. आत्याने सगळ्यांना ताकभात दिला; आईने तो खाल्ला. पण तिचं लक्ष वर होतं. “येईल ना ती?” तिने दोनदा विचारलं. वरची चिवचिव दुपारी मोठी झाली आणि मग दमून बारीक होत गेली. ती आली नाही तर आईचं काय होईल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. पिल्लांचं काय होईल हा विचार मी केला नाही, हे खरं सांगायला हवं.

उन्हं उतरली. ट्रकांचे दिवे लागले. आई, अप्पा आणि मी मागच्या पायरीवर बसलो होतो. आत्या आत देवापाशी दिवा लावत होती. आणि भिंतीवर ती दिसली. तिने आमच्याकडे पाहिलं. या वेळी त्या पाहण्यात पूर्वीचं काही नव्हतं, मी कोणी ओळखीची नव्हते, आम्ही तिघंही सारखीच माणसं होतो. ती पपईवरून चढली, कौलांत शिरली आणि बाहेर आली ती मानगुटीला धरलेलं एक पिल्लू तोंडात घेऊन. भिंतीवरून चिक्कूच्या अंधारात गेली. आईने श्वास रोखून धरला होता. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग ती परत आली. दुसरं पिल्लू जरा मोठं असावं, तिला भिंतीवर एकदा थांबून पकड बदलावी लागली. मग तेही घेऊन ती गेली. त्यानंतर आमच्या माळ्यावर कधी कोणी आलं नाही. मी पुढे कितीतरी दिवस भिंतीवर केळं ठेवत होते आणि सकाळी ते मुंग्या लागलेलं उचलत होते.

“नेली,” आई म्हणाली. “दोन्ही नेली तिने.” आणि तिला रडू फुटलं. भाऊ गेल्यापासून ती मोठ्याने रडली नव्हती. आता असं रडली की निलव्वाकडचा दिवा कुंपणापर्यंत आला आणि परत गेला. अप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्यादेखत त्यांनी आईला कधी हात लावलेला मला आठवत नाही. तिने डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं. ते दोघं मिळून ज्याच्यासाठी रडत होते त्याला मी नीट पाहिलंही नव्हतं. ती जागा त्यांची होती, तिथे माझं काही काम नाही, असं मला वाटलं, आणि मी आवाज न करता उठले.

आईने मान वर केली नाही, डोळेही उघडले नाहीत. तिचा एक हात मागे आला, चाचपडला, आणि त्याने माझ्या परकराचा काठ घट्ट धरला.

“बस की,” ती म्हणाली. “कुठं निघालीस तू?”